चष्म्याचं निमित्त

मी तापट आहे हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मला सोडून. कामाच्या बाबतीत मी नाकावर माशी बसू देत नाही, एवढंच. ज्या कारखान्यात माझी उभी हयात गेली तिथे घरगुती कॉम्प्युटर बनायचे. अगदी पहिल्या जमान्यातले. कीबोर्डच्याच पोटात अख्खा कॉम्प्युटर मावलेला, आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. बिघडून परत आलेले नग माझ्या टेबलावर यायचे. मी ते उघडून दुरुस्त करायचो आणि पुढच्या टेबलावर सरकवायचो. पुढच्या टेबलावर भिंग बसायचा.

भिंग हा माणूस होता. तपासनीस. डोळ्याला सतत भिंग लावलेलं, म्हणून ते नाव पडलं; खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी पुकारलं जायचं. माझा एकूण एक टाका त्याच्या नजरेखालून गेलेला आहे. टाका म्हणजे सोल्डरचा, चिपचा बारीक पाय बोर्डाला पकडून ठेवणारा वितळलेल्या कथलाचा थेंब. तो पायाशी हळूच चढत गेलेला असावा, चकचकीत असावा, उपाशी नसावा आणि ढेरपोट्याही नसावा. भिंगाने माझा टाका सहसा नापास केला नाही, पण चांगलाही कधी म्हटला नाही. "चालेल," म्हणायचा. बाकीचे लोक त्या शब्दावर खूश असायचे. माझ्या मात्र तो जिव्हारी लागायचा, कारण मला ठाऊक होतं की अख्ख्या कारखान्यात माझ्यासारखा हात कुणाचा नाही.

पुढे कारखाना बंद पडला, आम्ही दोघं म्हातारे झालो, आणि तरीही ते "चालेल" काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. जुन्या कॉम्प्युटरची हौस असलेली मंडळी दरवर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये जमतात. तिथली रीत अशी की मशीन झाकण काढून मांडायचं आणि बोर्ड बुटक्या खुंट्या लावून आरशावर उभा करायचा, म्हणजे खालचे टाकेही सगळ्यांना दिसतात. आणि ज्याने मशीन मांडलं त्यानेच ते दुरुस्त केलेलं असलं पाहिजे. या वर्षी भिंगाने फोन करून विचारलं, तुझं ते घरचं जुनं मशीन आणतोस का, की माळ्यावरच कुजवतोस? मी म्हटलं, आणतो. चालू करून आणतो, माझ्या हाताने.

बोलून बसलो. आता अडचण सांगतो. माझे हात दोनेक वर्षांपासून थरथरत होते, आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. घरात काही बारीक काम निघालं की मी चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून सांगायचो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं, असं मी इतक्या वेळा म्हणालो होतो की त्या डॉक्टरला उचक्या लागत असतील. गेलो मात्र एकदाही नाही. डोळे ठणठणीत होते. भिंगासमोर मशीन चाललं नाही तर माझी नाचक्की होती. चाललं, पण ते माझ्या हाताने चाललेलं नाही हे कळलं, तर त्याहून मोठी. माझ्याकडे अभिमान बाळगण्यासारखी एकच गोष्ट होती, माझा हात, आणि तीच मला सोडून चालली होती.

मशीन माळ्यावरून काढून टीव्हीला जोडलं. पडद्यावर नुसते रंगीत उभे पट्टे. लुकलुकणारा चौकोन नाही, अक्षर नाही, काही नाही. मला बघताक्षणी कळलं की मेमरीची चिप गेली. अशा आठ चिपा एका ओळीत असतात आणि त्यातली एक जरी मेली तरी मशीनला आपण कोण आहोत याचा पत्ता लागत नाही. चिरंजीवांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांचा दिवस कॉम्प्युटरसमोर जातो, पण आत काय असतं ते विचाराल तर म्हणतील, बाबा, नवीन घ्या. मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि तो पहिल्याच स्क्रूवर तीनदा घसरला.

"चष्मा," मी म्हणालो.

तेवढ्यात सूनबाई कामावरून आल्या. त्यांनी पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले, आणि मी उघडू का बाबा, असं विचारून माझ्या उत्तराची वाट न बघता समोर बसल्या. आमच्या सूनबाईंबद्दल सांगायला हवं. लग्न होऊन त्यांना दीड वर्ष झालं असेल. बोलणं मोजकं. दातांच्या प्रयोगशाळेत कामाला आहेत, म्हणजे डॉक्टर लोक जी कवळी किंवा कॅप बसवतात ती प्रत्यक्षात बनवायचं काम त्यांचं. मेण, तापवलेली सुई, बारीक ब्रश, असलं सगळं. मी त्यांच्या कामाबद्दल कधी चौकशी केली नव्हती. दात तो दात, त्यात काय विचारायचं, असं माझं मत होतं.

मग आमचं काम सुरू झालं. मी खुर्चीत बसून हुकूम सोडणार आणि सूनबाई करणार. मी त्यांना चिपांवर एकेक करून बोट ठेवायला सांगितलं. तिसऱ्या चिपवर त्यांनी बोट झटकन मागे घेतलं. आजारी चिप अशी तापते. मग खात्री करायला आमच्या धंद्यातली जुनी युक्ती: चांगली चिप घ्यायची आणि आजारी चिपच्या पाठीवर दाबून धरायची, पायाला पाय लावून. त्याला आम्ही पाठकुळी म्हणायचो. पाठकुळी घेणारा आजारी असला तर वरचा त्याचं काम करून टाकतो आणि पडदा बदलतो. हे बोलायला सोपं आहे. सोळा पायांपैकी एकही न हलू देता चिप धरून ठेवायची म्हणजे भल्याभल्यांचे हात भरून येतात. सूनबाईंनी करंगळी टेबलाला टेकवली, श्वास सोडला, आणि चिप धरली. पडद्यावरचे पट्टे गेले. त्या जागी वेडीवाकडी का होईना, अक्षरं आली. मी मनातल्या मनात म्हटलं, अरेच्चा.

एक गेली की बाकीच्याही जाणार, या हिशेबाने मी आठही बदलायच्या ठरवल्या. माझ्या खणात बरोबर आठ चिपा होत्या, कारखान्याच्या काळापासून जपलेल्या. जुन्या चिपचे पाय कापायचे, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने अलगद ओढायचा, म्हणजे खालचं तांबं उखडत नाही. भोकं साफ करायची, सॉकेट, म्हणजे चिप खोचायची खोबण, बसवायचं, सॉकेटला टाके घालायचे आणि त्यात नवी चिप. मी उंटावरून शहाणपण शिकवत होतो आणि सूनबाई निमूटपणे ऐकत होत्या. दुसऱ्या सॉकेटनंतर मी शिकवायचं थांबलो, कारण शिकवण्यासारखं उरलं नव्हतं. मध्येच त्यांनी एकच गोष्ट विचारली. दात किडला की नवा बसवायच्या आधी डॉक्टर हिरडी बघतात, तसं ही चिप कशामुळे गेली ते बघायचं नाही का?

वय झालं तिचं, मी म्हणालो, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बटण दाबलं तर पडद्यावर काळा चौकोन लुकलुकायला लागला. चिरंजीव टाळ्या वाजवत सुटले. आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि सूनबाईंच्या पाठीवर तिने थाप दिली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी सरळ उठून भिंगाला फोन लावला आणि सांगितलं की चालू झालं. आठही बदलल्या. कुणी म्हणजे काय, मीच, माझ्याच हाताने. सूनबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसत राहिल्या.

जेवायला बसायच्या आत पडद्यावर पुन्हा रंगीत पट्टे आले. चिपांना हात लावला तर चटके बसत होते, एकीला नाही, चार-पाच जणींना. माझ्या जपून ठेवलेल्या चिपा, माझ्या डोळ्यांदेखत भाजून निघाल्या. आता माझा ताबा सुटला हे वेगळं सांगायला नको. मी सगळ्यांच्या देखत सूनबाईंना म्हणालो की दात बसवणं वेगळं आणि हे वेगळं, कुठेतरी टाक्याला टाका चिकटवून ठेवला असणार, आणि शिकाऊ हाताला माझं मशीन दिलं ही माझीच चूक. चिरंजीव काहीतरी बोलायला गेले, त्यांना सूनबाईंनी नजरेने गप्प केलं. आमची ही मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिने मला जे सुनावलं ते इथे देत नाही. नंतर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं बोलणं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई प्रयोगशाळेतून त्यांचं भिंग घेऊन आल्या. दिवा लावलेलं, डोक्याला बांधायचं. बोर्ड उलटा करून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, कुठला टाका चुकलाय तेवढं दाखवा. मी परत घालते."

आवाजात राग नव्हता, रडवेलेपणाही नव्हता. मी भिंग डोळ्याला लावलं. पहिला टाका बघितला, दुसरा बघितला, ओळ संपवली. दुसरी ओळ घेतली. शंभरावर टाके होते आणि प्रत्येक टाका पायाशी चढत गेलेला, चकचकीत, एकाच मापाचा. मी चूक शोधायला बसलो होतो आणि थोड्या वेळाने चूक शोधायचं विसरून नुसता बघत राहिलो. असं काम मी कारखान्यात पाहिलं नव्हतं. माझ्या टेबलावर तर नाहीच नाही, हे कबूल करताना मला त्रास झाला, पण भिंगातून दिसत असलेलं नाकारणार कसं?

आणि मग मला माझी चूक दिसली. बोर्डावर नाही, खुर्चीत. या जातीच्या चिपांना तीन वेगवेगळे वीजपुरवठे लागतात. त्यातला एक, उणे पाच व्होल्टचा, नाहीसा झाला तर बाकीचे दोन मिळून चिपला जिवंत भाजतात. म्हणून नवी चिप बसवायच्या आधी मीटर लावून तिन्ही मोजायचे असतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. सूनबाईंनी हिरडीचं विचारलं तेव्हाही मला ते आठवलं होतं. पण मीटर माझा होता, त्याच्या टोकदार काड्या चालू बोर्डावर धरायला मलाच पुढे व्हावं लागलं असतं, काडी हलली असती, आणि सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून मी मोजलंच नव्हतं.

मी भिंग काढून ठेवलं. टाक्यात काही खोट नाही, म्हणालो. खोट माझ्यात आहे. आणि मग ते वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं.

"माझे हात थरथरतात, सूनबाई. चष्म्याचं काही नाही."

"माहीत आहे बाबा," त्या म्हणाल्या. "पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. आई तुमचा कप अर्धाच भरतात."

माझ्याच घरात माझं गुपित सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मिळून ते माझ्यापासून लपवत होते. मला राग यायला हवा होता. आला नाही. हलकं वाटलं, आणि लगेच लाज वाटली की कालचं बोलणं आपण कुणाला बोललो. मी सूनबाईंची माफी मागितली. सासऱ्याने सुनेची माफी मागायची म्हणजे दोघांचीही पंचाईत, पण मागितली, आणि आमच्या हिला बोलावून तिच्यासमोर पुन्हा मागितली, कारण अपमान चारचौघांत केला होता. ही म्हणाली, उजाडलं म्हणायचं.

मग चिपा काढून ठेवल्या, सूनबाईंनी मीटरच्या काड्या धरल्या आणि मी कुठे धरायच्या ते सांगत गेलो. सुरुवातीला तिन्ही पुरवठे ठीक. मी म्हटलं, थांबा, तापू दे. बोर्ड तापला तसा उणे पाचचा आकडा डळमळला आणि शून्यावर गेला. पुरवठ्याच्या बाजूला मटारएवढी कॉइल असते, केसासारख्या तारेची. तिची तार पायाशी तुटलेली होती आणि थंड असताना तेवढी टेकायची. म्हणूनच काल मशीन चालू झालं आणि नंतर दगा दिला. सूनबाईंनी तारेचं टोक सोडवलं, वरचा लाखेचा थर खरवडला, पायाभोवती फिरवून टाका घातला. पुढच्या दिवशी बोर्ड दुपारभर तापत ठेवला तरी आकडा जागचा हलला नाही.

आता चिपा नव्हत्या. असल्या चिपा माझ्या माहितीत एकाच माणसाकडे होत्या. मी भिंगाला फोन लावला आणि ठेवणीला म्हणून आठ चिपा मागितल्या.

"आधी मीटर लावला होतास का रे?" भिंग म्हणाला.

मी म्हणालो, आता लावलाय. तो हसला नाही. चिरंजीवांना पाठव म्हणाला, आणि फोन ठेवला. चिपा आल्या, सॉकेटमध्ये बसल्या, मशीन चालू झालं आणि चालूच राहिलं. पण हात कुणाचा, हे काही मी फोनवर बोललो नाही. आमच्या हिने सुचवून बघितलं, की अहो, तिचं नाव सांगा. मी म्हटलं, तिथला नियम आहे, ज्याचं मशीन त्याचाच हात हवा. नियम खरा होता. माझं कारण खरं नव्हतं. भिंगासमोर मला अजूनही माझा हात हवा होता.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही चौघंही गेलो. मशीन मांडलं, आरशावर बोर्ड उभा केला, टीव्हीवर चौकोन लुकलुकायला लागला. लोक येत होते, वाहवा करत होते, मी मान डोलवत होतो आणि प्रत्येक वाहवेबरोबर मला जास्त अवघडल्यासारखं होत होतं. सूनबाई जरा बाजूला उभ्या राहून दुसऱ्याच कुणाच्या मशीनकडे बघत होत्या.

भिंग आला. वाकला होता, काठी होती, पण डोळ्याला भिंग तेच. टीव्हीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. आरशाशी वाकला आणि टाके बघायला लागला. सावकाश, ओळीने, कारखान्यात बघायचा तसा. मी उभा होतो, कारखान्यात त्याच्या टेबलाशी उभा राहायचो तसाच. मागे दोन-तीन लोक ताटकळले. भिंगाने भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं, आणि कॉइलपाशी बराच वेळ थांबला. मग सरळ उभा राहिला.

"हे तुझं काम नाही," तो म्हणाला. "तुझं इतकं चांगलं कधीच नव्हतं."

सगळ्यांनी ऐकलं. ज्याची मला धास्ती होती ते घडलं होतं, आणि चारचौघांत घडलं होतं. माझं नाव, माझा हात, सगळं त्या एका वाक्यात गेलं. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला त्याक्षणी एकच गोष्ट कळली: भिंगाने चांगलं म्हटलं. आयुष्यभरात ज्या माणसाच्या तोंडून "चालेल"च्या पलीकडे काही निघालं नाही तो चांगलं म्हणाला, आणि ते माझ्या घरच्या माणसाला म्हणाला. माझी छाती भरून आली.

मग बोललो. मोठ्याने बोललो, हॉलच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल असं. म्हटलं, बरोबर आहे, माझं नाही. माझे हात आता चालत नाहीत, दोन वर्षं झाली. हे आमच्या सूनबाईंचं काम आहे, मशीन तुमच्या नियमात बसत नसेल तर उचलून नेतो, पण आधी सगळ्यांनी हे टाके बघून घ्या, असे परत बघायला मिळायचे नाहीत. आणि सूनबाईंना हाताला धरून पुढे आणलं. त्यांचे कान लाल झाले होते. नियमाचं कुणी काढलंच नाही. लोक आरशाशी गर्दी करायला लागले.

भिंगाने सूनबाईंना विचारलं की कुठे शिकलात. दात बनवते, त्या म्हणाल्या. भिंगाने मान हलवली, जणू हेच उत्तर अपेक्षित होतं.

"फक्त शेवटच्या सॉकेटला, कोपऱ्यातल्या पायाचा टाका जरा फुगीर झालाय," सूनबाई म्हणाल्या. "तो मला आवडलेला नाही. पण तांबं उखडेल म्हणून परत छेडला नाही."

भिंग पुन्हा वाकला. खूप वेळ वाकून राहिला, काठीवर भार देऊन. मग वर बघून म्हणाला, हो, आहे, माझ्या नजरेतून सुटला. मी आमच्या हिच्याकडे पाहिलं, ती पदराआड हसत होती. भिंगाच्या नजरेतून सुटलेला टाका मी जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि तो आमच्या घरचा होता.